कानमामाच्या सात गळत्या

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं, कारण यात माझी चूक आहे आणि ती काही लहान नाहीये. पण काल मामा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आला आणि म्हणाला, "घाई, लिहायचं असेल तर आता लिहून टाक." घाई म्हणजे मी. लहानपणी मी एका पायात चप्पल घालूनच बाहेर पळायचे म्हणून त्याने ठेवलेलं नाव. दाताच्या डॉक्टरचा इथे काय संबंध, ते शेवटी सांगते. आत्ता सांगितलं तर सगळा घोळ होईल.

तर मामा. आईचा मोठा भाऊ. पाणीखात्यात चौतीस वर्षं त्याने एकच काम केलं, जमिनीखालचे पाईप कुठे गळतात ते ऐकणं. हो, ऐकणं. त्याच्याकडे छातीपर्यंत येणारी लोखंडी सळई आहे, वरच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी. सळईचं खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि श्वास रोखायचा. सगळा भाग त्याला कानमामा म्हणतो. दुपारी दोन ते चार हे त्याचे तास, कारण तेव्हा टाकीतून पाणी सुटलेलं असतं आणि रस्ता झोपलेला असतो. अर्धी शटर खाली, कुत्री सावलीत आडवी, आणि भर रस्त्यात एक माणूस गुडघ्यावर बसून जमिनीला कान लावतोय. नवीन माणूस असेल तर लांबून वळसा घालून जायचा.

मी सात वर्षांची असताना त्याने पहिल्यांदा ती वाटी माझ्या कानाला लावली. आतून आवाज आला, "शूऽऽऽ". गळतीचा आवाज असाच असतो. पण मला तेव्हा वाटलं की खाली कोणीतरी आहे आणि ते मला गप्प बस म्हणतंय. मी रडत घरी पळाले. मामी त्याला म्हणाली, "झालं समाधान? स्वतः तर अर्धा जमिनीत गेलायस, आता पोरीलाही ने."

यंदा कॉलेजात आम्हाला एक नवा विषय आहे, गुंतागुंतीच्या व्यवस्था. नाव ऐकून अर्धा वर्ग पळाला, पण सर भारी शिकवतात. पहिल्याच तासाला त्यांनी उंदीर आणि हत्ती काढले फळ्यावर. म्हणाले, हत्ती वजनाने उंदराच्या लाखपट असला तरी त्याला खायला लाखपट लागत नाही, खूप कमी लागतं. मोठं होताना शरीर काटकसर शिकतं. उंदराचं हृदय धडधड धडधड, हत्तीचं निवांत, पण आयुष्यभराचे ठोके मोजले तर दोघांचे जवळपास सारखे. आणि हे कशामुळे, तर आतल्या नळ्यांच्या जाळ्यामुळे. जाड नळीतून बारीक, बारकीतून आणखी बारीक. मग म्हणाले, "प्राणी मोठा झाला की संथ होतो. शहर मोठं झालं की धावायला लागतं. कंपन्यांना वाटतं आपण शहर आहोत, पण त्या जगतात प्राण्यांसारख्या आणि मरतातही तशाच."

सरांनी प्रत्येकाला एक प्रोजेक्ट दिला आणि मला एकदम मामा आठवला. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी.

त्याच्या खोलीत भिंतभर नकाशा आहे, त्याने स्वतः काढलेला, कागदाला कागद चिकटवत चौतीस वर्षं वाढवलेला. खात्याकडेही इतका पूर्ण नाही. मी हत्तीचं सांगितलं तर तो हसला. "यात नवीन काय? मी लागलो तेव्हाच्या दुप्पट घरं झाली. पाईप दुप्पट लागले का? नाही. दीडपटीच्या जरासे वर. पण तक्रारी मोज. अडीचपट. भांडणंही अडीचपट."

"अरे मामा, सर हेच म्हणाले!"

"मग सरांना म्हणावं, मला पगार तुमच्यापेक्षा कमी आहे."

मग तो मला नकाशा दाखवत बसला. नवा पाईप कधी एकटा येत नाही म्हणाला, जो आधीच जाड आहे त्यालाच येऊन चिकटतो, आणि त्यामुळे तो आणखी जाड करावा लागतो. दुकानांचंही तेच. कोपऱ्यावर एक झेरॉक्सवाला चालला की दुसरा त्याच्या शेजारीच टाकतो, तिसरा समोर. कोणी ठरवत नाही, मोठा साहेब वगैरे कोणी नसतो, तरी ते वाढतं आणि वाढताना आकार घेतं. "मला कधीकधी वाटतं हे आपण नाही टाकलेलं," तो नकाशाकडे बघत म्हणाला. "आपण फक्त खड्डे खणले. ते आपलं आपण आलं."

नकाशाच्या बाजूला टाचणीने एक फोटो लावलेला होता. केशरी गोल आणि त्यात लाल फांद्या. मला वाटलं नकाशाचीच छोटी प्रत. टाकीपासून निघणारी जाड लाईन, बाजाराजवळचा फाटा, सगळं तसंच. मी बोट ठेवून म्हटलं, "हा बाजार ना?"

"तो माझा डावा डोळा आहे," मामा म्हणाला. "बीपी वाढलं म्हणून डॉक्टरने आतून फोटो काढला. हा लाल ठिपका दिसतो ना, तिथे थोडं रक्त फुटलंय."

मी ठिपका बघितला, मग नकाशा बघितला. नकाशावर त्या जागी पाळणाघर होतं.  योगायोग आहे हो, मला माहितीये, कुठलीही दोन झाडं एकमेकांसारखी दिसतात. पण मामाने तो फोटो तिथेच का लावला होता?

पाळणाघराच्या रस्त्याखालून सगळ्यात जुना पाईप जातो. आणि नकाशावर त्या पाईपच्या आसपास पेन्सिलने केलेल्या सात खुणा होत्या. बाकी प्रत्येक गळतीपुढे दुरुस्तीची तारीख होती. या सातांपुढे काहीच नाही.

"या राहिल्या दुरुस्त करायच्या?"

मामाने उठून दार लोटलं. "राहू दिल्यात. बारीक आहेत, दिवसाला दोनचार बादल्या. जुना पाईप आहे तो, म्हाताऱ्या माणसासारखा. सगळी भोकं बुजवली तर ताण कुठे जाईल? या सात जागांतून तो श्वास घेतो. दर आठवड्याला ऐकतो मी त्यांना. आवाज तसाच असला की बरं वाटतं." मग माझ्याकडे बघून, "हे लिहू नकोस हं प्रोजेक्टात."

मी म्हटलं, "छे!"

आता माझी चूक. प्रेझेंटेशनच्या दिवशी सरांनी एक पाहुणा बोलावला होता. पाण्याच्या पाईपवर सेन्सर बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. कंपनी दोन वर्षांपूर्वी एका खोलीत तीन पोरांनी सुरू केली, आता अकरा शहरांत आहे आणि आमचं बारावं. तो सतत टॅबलेट घेऊन फिरतो आणि सतत प्लग शोधतो, म्हणून मुलींनी पाच मिनिटांत त्याचं नाव चार्जर पाडलं. मी उभी राहिले. हत्ती, उंदीर, पाईप, झेरॉक्सची दुकानं, सगळं मस्त चाललं होतं, वर्ग ऐकत होता, सर मान हलवत होते, आणि मला भरून आलं आणि तोंडातून निघून गेलं. सात खुणा. श्वास. वर नकाशाचा फोटोही मोठ्या पडद्यावर लावला. टाळ्या पडल्या. चार्जर पुढे येऊन म्हणाला, "हा फोटो मला पाठवाल?" आणि मी तिथल्या तिथे पाठवला. बोटं माझी नेहमीच डोक्याच्या आधी चालतात.

नऊ दिवसांत सातही गळत्या बंद. कंपनीच्या पडद्यावर सगळं शहर हिरवं. दहाव्या दिवशी मामाला नोटीस. वर्षानुवर्षं गळत्या माहीत असून लपवल्या, चौकशी होईपर्यंत घरी बसा. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

मी तोंड लपवत त्याच्या घरी गेले. मामी दारातच म्हणाली, "या बाईसाहेब. पुढचा नंबर कोणाचा?" मामा आत गेला. त्याने चहा ठेवला. माझ्या कपात साखर जास्त घातली, मला आवडते तशी. शिव्या दिल्या असत्या तर मी वाचले असते.

दोन आठवडे गेले. मग एका दुपारी तो आमच्या दारात, हातात सळई. "चल, घाई. ऐकायला."

"अरे पण तुला बंदी आहे ना?"

"नोकरी करायला आहे. रस्त्यावर बसायला नाही."

आम्ही सातही जागी गेलो. प्रत्येक ठिकाणी तो गुडघ्यावर बसला, सळई टेकवली आणि मला कान लावायला सांगितलं. काही नाही. दुसरीकडे काही नाही. तिसरीकडे माझ्याच रक्ताचा आवाज येत होता तेवढाच. पत्रा तापल्यासारखी दुपार, पाखरूही नाही, आणि पायाखाली इतकं मोठं जाळं पाण्याने भरलेलं, तरी एक हुंकार नाही. इतकी वर्षं जे मला गप्प बस म्हणत होतं, ते आता स्वतःच गप्प.

"गप्प झालंय," मामा म्हणाला. "माणूस असा गप्प झाला की मी घाबरतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज एकदाही त्याने स्वतः वाटी कानाला लावली नव्हती. मी त्याच्या मागे होते. हळूच म्हटलं, "मामा." तो हलला नाही. जरा मोठ्याने, "मामा!" नाही. रस्त्यापलीकडची बाई वळून बघायला लागली, पण मामा नाही. मी पुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. ओठांकडे! म्हणजे किती दिवस तो असाच बघत होता सगळ्यांच्या तोंडाकडे?

"चार वर्षं झाली," तो म्हणाला. माझा चेहरा वाचूनच. "उजवा पूर्ण गेला, डावा थोडा आहे."

"मग ऐकतोस कसा?"

त्याने खिशातून रुमाल काढला, वाटी पुसली, आणि वाटीची कड पुढच्या दातांत धरली. डोळे मिटले. मी पुतळ्यासारखी उभी. बहिरा माणूस, तोंडात सळई, जमिनीतून पाणी ऐकतोय. "हाडातून येतं," तो नंतर म्हणाला. "कानापेक्षा बरं. खालचे, खोलचे आवाजही येतात." आणि हे कोणाला सांगणार? पाणीखात्याचा कान बहिरा आहे, हे कळलं असतं तर नोटिशीची वाटसुद्धा बघितली नसती कोणी.

शेवटी पाळणाघरासमोरचा व्हॉल्व्ह. मामाने सळई चावली आणि त्याचा चेहरा बदलला. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग रुमालाने वाटी पुसून माझ्यापुढे केली. मी दात लावले. लाकडाला लोखंडाचा वास लागलेला. आधी काही नाही. मग कवटीच्या आत, अगदी आत, कोणीतरी तोंड मिटून गुणगुणावं तसं. हंऽऽऽ. थांबायचं. परत, हंऽऽऽ. मला वाटलं मीच करतेय. मी श्वास बंद केला. ते चालूच होतं.

"हे खालून माती नेतंय," मामा म्हणाला. "पाईप फुटलेला नाही, सांधा उघडलाय, आणि पाणी शेजारच्या जुन्या गटारात पडतंय. वरून काही दिसणार नाही. दिसेल तेव्हा जमीन नसेल."

मी तिथूनच चार्जरला फोन लावला. तो आला, बिचारा आला खरा, टॅबलेट दाखवला. "हे बघा, हिरवं. दाब बरोबर, प्रवाह बरोबर. यांना आवाज कसला ऐकू आला?"

"दातांनी ऐकलंय," मी बोलून गेले.

तो हसला. "आमच्या सेन्सरला दात नाहीत बाबा."

मामा त्याच्या ओठांकडे बघत होता, त्याला सगळं कळलं. तो फाटक ढकलून पाळणाघरात गेला. मी मागोमाग.

पुढच्या खोलीत, रस्त्याच्या अगदी कडेला, बावीस पोरं दुपारची झोपली होती. जमिनीवर गाद्या, गाद्यांवर पोरं, काही गादीवरून घसरून फरशीला गाल लावून. पाळणाघरवाल्या बाई दारात आल्या, बोट ओठांवर ठेवून. मामाने हळू आवाजात सांगितलं, पोरांना मागच्या खोलीत झोपवा, थोडे दिवस. मला वाटलं त्या आता हाकलून देतील. नोटिशीची गोष्ट सगळ्या भागाला माहीत होती.

बाईंनी विचारलं, "कसला आवाज म्हणालात?"

मामाला तो आवाज काढता येईना, त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही ना. म्हणून मी काढला. हंऽऽऽ. थांबले. हंऽऽऽ.

बाईंनी वळून पोरांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पोरं आठवडाभर हेच करतायत. आधी एक करायचा, तो खिडकीखाली झोपतो. मग शेजारच्याने उचललं. आता सगळी. खेळताना, जेवताना. मला वाटलं एकमेकांची नक्कल आहे, दटावलं मी त्यांना."

आणि तेवढ्यात, झोपेतच, एका कोपऱ्यातून आलं. हंऽऽऽ. मग दुसऱ्या गादीवरून. मग तिसऱ्या. डोळे मिटलेले, तोंडं मिटलेली. बावीस पोरं एका लयीत नाही, पण लय सापडत चाललेली. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. सरांनी शिकवलं होतं हे, कोणी ताल देणारा नसताना ताल कसा जमतो ते. फळ्यावर छान वाटलं होतं.

त्याच दुपारी बाईंनी आणि आम्ही पोरं उचलून मागे नेली. एकेक करून, झोपलेलीच.

मग चार दिवस काही झालं नाही. आईबाप कुरकुरले, मागच्या खोलीत वारा येत नाही म्हणून. कोणीतरी म्हणालं, कानमामाला काम नाही म्हणून लोकांची घरं हलवतोय. मामी मला म्हणाली, "आता हे खोटं ठरलं तर त्याचं काय राहील ग?" ती पहिल्यांदा माझ्याशी रागाशिवाय बोलली होती. मी रोज दोन वाजता पाळणाघरात जाऊन बसायचे. मागच्या खोलीत पोरं गुणगुणत नव्हती. पुढच्या रिकाम्या खोलीत मी सळईशिवाय, नुसते दात फरशीला लावून ऐकलं एकदा. हसू नका. आवाज होता.

पाचव्या दिवशी तीनला दहा कमी. कसलाही धमाका नाही, कारंजं नाही. पुढच्या खोलीतली फरशी मधोमध हळूच खाली वाकली, जड माणूस बसल्यावर गादी वाकते तशी. दाराशी मांडलेल्या बावीस जोड चपला एकामागोमाग एक घसरत मधे गेल्या. अगदी रांगेत, पोरं जातात तशाच. मग खालून एक श्वास सोडल्यासारखा आवाज आला, आणि खोलीला जमीनच नव्हती. बाई आणि मी मागच्या दारात उभ्या, एकमेकींचे हात धरून. मागे पोरं झोपलेली. एकही उठलं नाही.

चार्जर धावत आला तेव्हा त्याच्या पडद्यावर पाळणाघर अजून हिरवं होतं.

मामाची नोटीस मागे घेतली. माफी वगैरे नाही, एक कागद आला फक्त. जुना पाईप बदलला आणि दुपारचा दाबही कमी केला. लोक आता मामाला देव करायला निघालेत आणि त्याला ते नोटिशीपेक्षा जास्त टोचतं. मी विचारलं त्याला, "मामा, माझ्यामुळेच झालं ना? सात बंद झाल्या म्हणूनच?" तो म्हणाला, "बंद झाल्या म्हणून दाब वाढला, एवढं खरं. पण त्या सात ठेवल्या म्हणून इतकी वर्षं टिकला, की नशिबाने टिकला, मला काय माहीत? कदाचित मीच चुकलो. ऑफिसात ओरडून पाईप बदलायला लावायला हवा होता. स्वतःचंच कौतुक वाटत होतं मला, मी एकटा ऐकतो याचं." मग माझ्या टाळूवर टपली मारली. "तू निदान बोललीस तरी."

चार्जर परवा घरी आला. मामाने सळई पुढे केली. तो म्हणाला, "नको, मी नंतर कधीतरी." मामी आतून, "अहो पुसलीये ती, विष नाहीये." शेवटी त्याने चावली. अंगणातल्या नळावर टेकवून अर्धा तास तसाच बसला होता. टॅबलेट पायरीवर, बंद पडलेला. जाताना म्हणाला, याचं मशीन बनवायला चार वर्षं लागतील.

आणि इथे दाताचा डॉक्टर येतो. मामाचे वरचे पुढचे दोन्ही दात हलतायत. हिरड्या गेल्यात, सळईने की साखरेने देव जाणे. डॉक्टर म्हणाला दोन महिने, फार तर तीन, मग काढायलाच लागतील. कवळीतून काही ऐकू येत नाही, मामाने शेजाऱ्याची मागून बघितली. (शेजाऱ्याने दिली!) म्हणजे दोन महिन्यांनी हे शहर ऐकणारं कोणी नाही. मी शिकतेय, पण मला अजून ट्रकचा आवाज आणि गळतीचा आवाज यातला फरक कळत नाही, आणि मी एकटी किती ऐकणार? जाळं रोज वाढतंय. काल बाजाराजवळच्या फाट्यावर मामाने सळई चावली आणि नुसती मान हलवली. नकाशावर मात्र पेन्सिलने एक खूण केलीये.

तर जा ना कोणीतरी. तो रोज दोन वाजता पंपघरासमोरच्या बाकावर असतो. त्याच्या समोर उभे राहा म्हणजे त्याला ओठ दिसतील, सावकाश बोला. स्वतःचा रुमाल न्या. या आठवड्यातच जा, परीक्षा झाल्यावर वगैरे नको. त्याचे दात आहेत तोवर त्याला भेटा.